शिक्षक साने गुरुजी : वर्गातील वाङ्मय आणि न्यायाचा प्रश्न

साने गुरुजींचे चरित्र आपल्याकडे बहुधा दोन टोकांकडून सांगितले जाते. एका टोकाला मातृभक्त श्याम असतो, दुसऱ्या टोकाला पंढरपूरच्या उपोषणाला बसलेला सत्याग्रही. या दोहोंच्या मधली अमळनेरची सहा वर्षे चरित्रकार आदराने उल्लेखितात आणि पुढे सरकतात. गुरुजींच्या वाङ्मयाचे वळण आणि त्यांची न्यायबुद्धी या दोहोंचा उगम मात्र शाळेच्या त्या वर्गातच शोधावा लागतो, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड येथे झाला. घराणे खोतांचे, पण वैभव ओसरलेले. दापोली, औंध आणि पुणे येथे शिक्षण झाले ते बहुतांशी हाताने रांधून आणि अनेकदा अर्धपोटी राहून. १९१७ साली आई गेली. पुढे अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात राहून त्यांनी एम. ए. पूर्ण केले आणि १९२४ साली तेथीलच हायस्कुलात ते शिक्षक झाले. तत्त्वज्ञानाचा पदवीधर खानदेशातील शेतकरी-कष्टकऱ्यांच्या मुलांपुढे उभा राहिला, ही घटना त्याच्या वाङ्मयीन आयुष्याला दिशा देणारी ठरली.

वसतिगृहाची जबाबदारी आल्यावर गुरुजींनी मुलांच्या खोल्या झाडणे, अंथरुणे आवरणे, कंदिलाच्या काचा पुसणे ही कामे न बोलता स्वतः केली. या आठवणी पुष्कळांनी लिहिल्या आहेत. त्यातील भाबडा भाग वगळला तरी एक गोष्ट शिल्लक राहते. हलके मानलेले काम आणि ते करणारा माणूस यांच्याविषयीची तुच्छता मुलांच्या मनातून काढायची, तर नीतिपाठ पुरेसा नाही, हे या शिक्षकाने ओळखले होते. याच काळात त्यांनी मुलांसाठी हस्तलिखित ‘छात्रालय दैनिक’ चालवले. रोज एक अंक, तोही शाळेचे काम सांभाळून! १९२८ साली ‘विद्यार्थी’ हे मासिक निघाले. पाठ्यपुस्तकात न मावणारे जग त्यांनी अशा रीतीने वसतिगृहात आणले. १९३० साली शाळा सोडून ते कायदेभंगाच्या चळवळीत गेले.

शाळा सुटली, शिकवणे सुटले नाही. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात परप्रांतीय राजबंद्यांच्या सहवासात त्यांना तमिळची ओळख झाली आणि पुढे ‘कुरल’ मराठीत आले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीताप्रवचने त्यांनीच टिपून घेतली. पण वाङ्मयाच्या अध्यापनाच्या दृष्टीने अधिक विचार व्हायला हवा तो त्यांच्या पाश्चात्त्य कथांच्या रूपांतरांचा. ‘मनूबाबा’ म्हणजे जॉर्ज इलियटची ‘सायलस मार्नर’. ‘दुःखी’ म्हणजे व्हिक्टर ह्यूगोची ‘ले मिझेराब्ल’. ‘सायलस मार्नर’ इंग्रजी शिकणाऱ्या पिढ्यांनी नेमलेले पुस्तक म्हणून वाचली. पुष्कळांच्या लेखी ती शब्दार्थ आणि संदर्भासह स्पष्टीकरण यांतच संपली. गुरुजींनी तीच कथा इंग्रजीपर्यंत कधीही न पोहोचणाऱ्या मुलामुलींच्या हाती दिली. चोरीच्या खोट्या आरोपाने समाजाबाहेर पडलेला विणकर आणि भाकरीच्या चोरीपायी आयुष्य करपलेला कैदी, ही त्यांची निवड योगायोगाची नव्हे. शिक्षा कोणाला होते आणि अपराधी कोण असतो, हा प्रश्न दोन्ही कथांच्या मुळाशी आहे. प्रस्तुत लेखकाने बी. ए.च्या वर्गात ‘सायलस मार्नर’चे कथानक सांगितले, तेव्हा मागच्या बाकावरील एका मुलीने ही तर मनूबाबाची गोष्ट म्हणून ती ओळखली होती.

टॉल्स्टॉयच्या कलाविषयक ग्रंथाचा ‘कला म्हणजे काय?’ हा अनुवादही याच धाग्यात बसतो. मूठभरांनाच कळणारी कला टॉल्स्टॉयने संशयास्पद ठरवली होती. मराठीत फडके-खांडेकर वाद रंगला त्या काळात गुरुजींनी वादात उतरण्यापेक्षा हा ग्रंथ मराठीत आणणे पसंत केले. त्यांच्या शैलीतील अश्रूंचा अतिरेक समीक्षकांनी दाखवला आहे आणि तो आक्षेप योग्यच आहे. मात्र ही शैली बारा-चौदा वर्षांच्या श्रोत्यासमोर घडली, याचा हिशेब त्या समीक्षेत क्वचितच आढळतो.

याहून गंभीर आक्षेप करुणेच्या मर्यादेचा आहे. फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत लिहिलेल्या ‘श्यामची आई’मध्ये मोळी उचलू न शकणाऱ्या वृद्ध महार स्त्रीचा प्रसंग येतो. शाळाशाळांतून तो सहृदयतेचा पाठ म्हणून शिकवला गेला. वास्तविक त्यातील करुणा सोवळ्याची चौकट ओलांडू पाहते, पण मोडत नाही. आणि त्या स्त्रीच्या बाजूने प्रसंग पाहण्याची सोय कथेत नाही. वर्गात हे सांगितलेच पाहिजे. लेखकाने स्वतः मात्र तेथेच थांबायचे नाकारले. विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे यासाठी आधी महाराष्ट्रभर दौरा करून त्यांनी १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण आरंभले. ते १० मे रोजी सुटले. दयेचा विषय येथे हक्काचा झाला. अर्थात १९३० साली काळाराम मंदिराचा सत्याग्रह करणाऱ्या डॉ. आंबेडकरांनी १९३५ मध्ये येवल्याला धर्मांतराची घोषणा केली होती आणि त्यांच्या अनुयायांना मंदिरप्रवेशाचे आकर्षण उरले नव्हते. गुरुजींचे उपोषण मुख्यतः सवर्णांना उद्देशून होते, असे म्हणणे त्यामुळे अधिक रास्त. तेही एका परीने अध्यापनच होते. फक्त वर्ग बदलला होता.

१५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. त्यात पुतणी सुधा हिला लिहिलेली पत्रे ते छापत. पाखरे, फुले, देशोदेशींची पुस्तके, गावातील भांडणे असे सारे त्या पत्रांत येते. ११ जून १९५० रोजी गुरुजींनी आपले जीवन संपवले. ती पत्रे पुढे ‘सुंदर पत्रे’ या नावाने पुस्तकरूपात आली.