दोन उंदीर आणि प्रीस्टली

पेटती मेणबत्ती काचेच्या पेल्याखाली झाकली की थोड्या वेळात विझते. पेल्यातला ऑक्सिजन संपला, असे आपण शाळेत वहीत लिहितो. (खरे तर तो पूर्ण संपत नाही. हवेतले त्याचे प्रमाण २१ टक्क्यांवरून साधारण १६ टक्क्यांपर्यंत घसरले, तरी ज्योत मान टाकते.) अडीचशे वर्षांपूर्वी हे वाक्य कोणालाच लिहिता आले नसते. हवा म्हणजे एकच एक मूलद्रव्य, ही समजूत ग्रीकांच्या काळापासून चालत आली होती. जोसेफ ब्लॅक आणि हेन्री कॅव्हेंडिश यांनी तिला तडे दिले. ती पार मोडीत काढणाऱ्यांमध्ये मात्र रसायनशास्त्राचे रीतसर शिक्षण न घेतलेला एक धर्मोपदेशक होता.

जोसेफ प्रीस्टलीचा जन्म १७३३चा, इंग्लंडच्या यॉर्कशायरमधला. वडील कापडाच्या धंद्यात होते. आई लहानपणीच गेली आणि आत्याने त्याला वाढवले. घराणे अधिकृत चर्चबाहेरच्या पंथाचे, त्यामुळे ऑक्सफर्ड-केंब्रिजचे दरवाजे बंद. त्यात बोलताना तो अडखळत असे आणि पेशा प्रवचनाचा! नँटविच गावी शाळा चालवताना त्याने साठवलेल्या पैशांतून मुलांसाठी हवेचा पंप आणि विजेचे यंत्र विकत घेतले. पुढे लंडनमध्ये बेंजामिन फ्रँकलिनशी ओळख झाली, त्याच्या प्रोत्साहनाने विजेचा इतिहास लिहून झाला आणि १७६७ मध्ये प्रीस्टली लीड्सच्या चर्चमध्ये रुजू झाला.

तिथे त्याचे घर बिअरच्या कारखान्याला लागून होते. आंबवणाच्या पिंपांवर वायूचा एक थर साचलेला असे. प्रीस्टलीने त्यात जळती काडी धरली, ती विझली. गंमत पुढेच आहे. विझलेल्या काडीचा धूर वर गेला नाही. तो त्या अदृश्य थरात अडकला, पिंपाच्या काठावरून ओघळला आणि जमिनीकडे उतरला. न दिसणाऱ्या वायूला वजन असते आणि तो पाण्यासारखा वाहतो, हे त्या धुराने दाखवून दिले. हा वायू म्हणजे कार्बन डायऑक्साइड, हवेपेक्षा सुमारे दीडपट जड. जुन्या विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून पाहतात ते याच कारणाने. (गटारात किंवा मैल्याच्या टाकीत मात्र ही युक्ती चालवू नये. तिथले विषारी वायू ज्योत न विझवताही माणसाला मारतात, आणि काही तर पेट घेतात.)

हा वायू पाण्यात विरघळतो, हेही त्याच्या लक्षात आले. पिंपावर दोन भांडी धरून पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत राहायचे. काही मिनिटांत पाणी जिभेला चुरचुरू लागे. आपल्या गोटीसोड्याचा हा पणजोबा. लांबच्या समुद्रप्रवासात खलाशांना होणाऱ्या स्कर्व्हीवर तो उपाय ठरेल, असे प्रीस्टलीला वाटले होते. हा अंदाज चुकला, कारण त्या रोगाला क जीवनसत्त्व लागते, बुडबुडे नव्हेत. तरीही १७७२ मध्ये त्याने कृती छापून सर्वांसाठी खुली केली आणि पुढच्याच वर्षी त्याला रॉयल सोसायटीचे कोपली पदक मिळाले. पैसा जमवला तो नंतर जिनिव्हाच्या जेकब श्वेपने.

याच काळात त्याने पुदिन्याचा प्रयोग केला. १७७१च्या ऑगस्टमध्ये मेणबत्ती विझलेल्या बंद हवेत त्याने पुदिन्याची काडी ठेवली. दहा दिवसांनी त्याच हवेत दुसरी मेणबत्ती छान जळली. म्हणजे जळण्याने आणि श्वासाने खराब झालेली हवा झाडे दुरुस्त करतात. त्यासाठी सूर्यप्रकाश लागतो, हे १७७९ मध्ये यान इंगेनहाऊसने दाखवले. पण जगात एवढ्या चुली पेटतात, एवढे जीव श्वास घेतात, मग हवा संपत कशी नाही, या प्रश्नाच्या उत्तराची सुरुवात या काडीपाशी आहे.

वायू गोळा करताना लोक पाण्याने भरलेली बाटली पाण्यातच उपडी धरत. वायू आत शिरला की पाणी खाली उतरे. पण अमोनिया, हायड्रोजन क्लोराइड असे वायू पाण्यात विरघळून नाहीसे होत. प्रीस्टलीने पाण्याच्या जागी पारा वापरला आणि ते त्याच्या हाती लागले. (पारा विषारी आहे. घरी कोणी हे करू नये.)

मग आला १ ऑगस्ट १७७४. तेव्हा तो लॉर्ड शेलबर्नकडे नोकरीला होता. बारा इंच व्यासाच्या भिंगाने त्याने पाऱ्याच्या लाल भुकटीवर, म्हणजे मर्क्युरिक ऑक्साइडवर, ऊन एकवटले. निघालेल्या वायूत मेणबत्ती भडकून जळू लागली. पुढच्या मार्चमध्ये त्याने या वायूत उंदीर ठेवला. तेवढ्या साध्या हवेत तो पाव तास जगला असता. इथे अर्धा तास टिकला आणि बाहेर काढल्यावर सावरलाही. मग प्रीस्टलीने स्वतः नळीने तो ओढून पाहिला. छाती बराच वेळ हलकी वाटली. तोपर्यंत ही चैन केवळ दोन उंदरांना आणि त्याला लाभली होती, याची त्याने गमतीने नोंद केली.

मला या माणसाचे खरे कौतुक वाटते ते त्यानंतरच्या विचारासाठी. आजारी फुप्फुसांना हा वायू उपयोगी पडेल, असे त्याने लिहिले, आणि लगेच शंकाही काढली: मेणबत्ती यात भराभर जळून संपते, तसे निरोगी माणसाचेही होणार नाही ना? आज रुग्णालयात ऑक्सिजन औषधासारखा मोजून देतात. गरजेपेक्षा जास्त आणि दीर्घकाळ दिला तर तो फुप्फुसांना इजा करतो, अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या डोळ्यांनाही.

आता त्याची चूक. वस्तू जळते तेव्हा तिच्यातून ‘फ्लॉजिस्टन’ बाहेर पडते आणि हवा ते शोषते, असे तेव्हा मानत. नवा वायू म्हणजे फ्लॉजिस्टन पार काढून टाकलेली हवा, कोरड्या फडक्यासारखी जास्त शोषणारी, असा प्रीस्टलीने अर्थ लावला. १७७४च्या ऑक्टोबरात पॅरिसमध्ये जेवताना त्याने मोकळेपणाने हा शोध आंत्वान लाव्हाझियेला सांगितला. लाव्हाझियेने तराजू पुढे ओढला. धातू जळला की त्याचे वजन वाढते; मग काही बाहेर कसे पडले? हवेतलेच काहीतरी धातूला जोडले गेले. त्यानेच त्याला ऑक्सिजन हे नाव दिले. (स्वीडनच्या शीलने हा वायू प्रीस्टलीच्याही आधी मिळवला होता, पण त्याचे पुस्तक निघाले १७७७ मध्ये.) प्रीस्टलीला लाव्हाझियेचे म्हणणे कधीच पटले नाही. आपल्या हाताने काढलेला वायू त्याने अखेरपर्यंत जुन्याच नावाने ओळखला.

फ्रेंच राज्यक्रांतीची उघड बाजू घेतल्याबद्दल १४ जुलै १७९१ला बर्मिंगहॅममध्ये जमावाने त्याचे घर, प्रयोगशाळा आणि ग्रंथसंग्रह जाळला. तो कसाबसा निसटला. १७९४च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या जहाजावर चढला आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरला. तो समुद्रात असतानाच, ८ मे रोजी, त्याच क्रांतीने पॅरिसमध्ये लाव्हाझियेचा शिरच्छेद केला.

पेनसिल्व्हेनियातल्या नॉर्थम्बरलँड गावी त्याने पुन्हा प्रयोगशाळा उभारली. १७९५ मध्ये धाकटा मुलगा हेन्री गेला, पुढच्या वर्षी पत्नी मेरी. प्रयोग थांबले नाहीत. १८०० साली फ्लॉजिस्टनच्या समर्थनार्थ त्याने आणखी एक पुस्तक काढले. तोवर त्याच्या बाजूने जवळजवळ कोणी उरले नव्हते. ६ फेब्रुवारी १८०४च्या सकाळी अंथरुणातून त्याने आपल्या हस्तलिखितांमधल्या दुरुस्त्या सांगितल्या, त्या वाचून घेतल्या, बरोबर असल्याची खात्री केली आणि थोड्याच वेळात प्राण सोडला.