सिडकोमागची प्रवीणाबेन

मैत्रिणींनो, बदनापूरहून एसटीनं संभाजीनगरला निघालो की आपण हमखास सिडकोला उतरतो. दवाखाना असो, बस्ता असो, लेकीचं कॉलेज असो. पण हे सिडको मुळात आलं कुठून, हे मलाही अलीकडेच कळलं. शोधत गेले तर त्यामागं एक बाई निघाली!

प्रवीणा मेहता. मुंबईच्या आर्किटेक्ट. पेरीन मिस्त्री १९३६ मध्ये जे. जे. मधून पदविका घेऊन देशातल्या पहिल्या स्त्री वास्तुविशारद झाल्या, त्यांच्या पुढच्या फळीतल्या या. तरुणपणी स्वातंत्र्य चळवळीत उतरल्या, मग थेट शिकागोला जाऊन शिकल्या. १९५६ मध्ये परतल्या. किहीमचं पटेलांचं घर त्यांचं, तसा मद्रासचा वेल्डिंगच्या कांड्यांचा कारखानाही त्यांचाच. बाईनं फार तर पडद्यांचे रंग निवडावेत, असं मानणारा तो काळ!

खरी गोष्ट पुढंच आहे. मुंबई उत्तरेकडं लांबत चालली होती, लोकल तुडुंब. १९६४ मध्ये प्रवीणाबेन, चार्ल्स कोरिया आणि इंजिनिअर शिरीष पटेल या तिघांनी मांडलं, की उत्तरेकडं नको, खाडीपलीकडं पूर्वेला नवं शहर वसवा. नुसती घरं नव्हे, कचेऱ्या, कामधंदेही तिकडं न्या. जमीन सरकारनं घ्यावी आणि तिच्या वाढत्या किमतीतून रस्ते, पाणी करावं. पुढच्याच वर्षी 'मार्ग' मासिकात हे सविस्तर छापून आलं. त्यासाठी १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, नवी मुंबई उभी राहू लागली. आपल्याकडचं सिडकोही तिनंच वसवलेलं.

यात तिकडच्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. १९८४ मध्ये मोबदल्यासाठी आंदोलन झालं, गोळीबारात माणसं मेली. तेही विसरता येत नाही. कागदावर रेघ ओढणं सोपं असतं.

प्रवीणाबेन १९९२ मध्ये गेल्या. नवी मुंबई म्हटलं की कोरिया आणि पटेल आठवतात, तिसरं नाव गाळलं जातं.

आमच्या बचत गटातल्या एकीचं घरकुल सध्या चालू आहे. मिस्त्रीनं फक्की टाकली, नवऱ्यानं मान हलवली, ओटा कुठं हवा हे तिला कुणी विचारलंच नाही. तिला मी ही सगळी हकिकत सांगितली. दुसऱ्या दिवशी गेले, तर तिनं पायानं फक्की पुसून ओटा खिडकीखाली आखला होता. मिस्त्री कुरकुरत दोरी सरकवत होता.