मायकेल फॅरेडे : मेणबत्तीतून विज्ञान शिकवणारा शास्त्रज्ञ



पाचवी-सहावीच्या वर्गात विज्ञानाचा प्रयोग बऱ्याचदा फळ्यावरच होतो. साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान असे चार मथळे लिहायचे आणि मुलांनी ते वहीत उतरवून घ्यायचे. काहीही न बघता निरीक्षण लिहून मोकळे! का, असं विचारलं तर आपण म्हणतो, प्रयोगशाळा नाही, साहित्य नाही. ही अडचण खरीच आहे. पण ज्याच्याकडे यातलं काहीच नव्हतं आणि तरीही जो जगातल्या सर्वात मोठ्या प्रयोगकर्त्यांपैकी एक झाला, अशा माणसाची आज ओळख करून घेऊ.

बालपण आणि पुस्तकबांधणीचे दुकान

मायकेल फॅरेडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळच्या न्यूइंग्टन येथे झाला. वडील लोहार, तब्येत कायम नरम, त्यामुळे घरात ओढाताण. धान्य महागले त्या वर्षी लहानग्या मायकेलच्या वाट्याला आठवड्याला एक पाव येई आणि तोच त्याला पुरवून खावा लागे, असे सांगतात. शाळा म्हणजे लिहिणे, वाचणे आणि थोडेफार हिशेब, एवढीच.

तेराव्या वर्षी तो जॉर्ज रीबो यांच्या पुस्तकांच्या दुकानात पोऱ्या म्हणून लागला. पुढच्या वर्षी तिथेच पुस्तकबांधणी शिकायला राहिला, तो सात वर्षे. इथेच त्याची खरी शाळा सुरू झाली. बांधणीला आलेली पुस्तके तो वाचू लागला. ब्रिटानिका विश्वकोशात विजेवरचा लेख सापडला. जेन मार्सेट यांचे रसायनशास्त्रावरचे पुस्तक हाती आले. गंमत म्हणजे ते एक शिक्षिका आणि दोन विद्यार्थिनी यांच्या संवादाच्या रूपात लिहिलेले आहे.

वाचणारी मुलं पुष्कळ असतात. मायकेलचं वेगळेपण असं, की वाचलेलं खरं आहे का हे तो हाताने करून बघायचा. पैसे अगदी थोडे, पण त्यात बसतील तेवढे प्रयोग तो करी. काचेच्या बाटलीपासून घर्षणाने वीज निर्माण करणारे छोटे यंत्रही त्याने बनवले. छापलेलं आहे म्हणून खरं, हे त्याच्या मनाला पटतच नसे. ही सवय आयुष्यभर टिकली.

वहीने उघडलेले दार

शहरात संध्याकाळची विज्ञान व्याख्याने होत, प्रत्येकी एक शिलिंग. ते पैसे लोहारकाम करणारा मोठा भाऊ देई. १८१२ मध्ये दुकानातल्या एका ग्राहकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या व्याख्यानांची तिकिटे दिली. वक्ते होते सुप्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही. मायकेलने चार व्याख्यानांची टिपणे घेतली, घरी येऊन ती सविस्तर लिहून काढली, आकृत्या काढल्या, स्वतः बांधणी केली आणि सुमारे ३०० पानांचे ते पुस्तक डेव्हींना पाठवून काम मागितले. मार्च १८१३ मध्ये त्याला तिथे मदतनीसाची नोकरी मिळाली.

त्याच वर्षी तो डेव्ही पतिपत्नींबरोबर युरोपच्या दौऱ्यावर गेला. मोठमोठे शास्त्रज्ञ जवळून पाहता आले, पण प्रवासात नोकराची कामेही करावी लागली आणि डेव्हीबाईंनी त्याला नोकरासारखेच वागवले. एक वेळ तर सगळे सोडून परत जावे असे त्याला वाटले होते. पण तो टिकून राहिला.

सुई हलली कधी?

१८२१ मध्ये फॅरेडे यांनी विजेच्या साहाय्याने तार चुंबकाभोवती फिरवून दाखवली. विजेच्या मोटारीचे मूळ त्यात आहे. २९ ऑगस्ट १८३१ रोजी त्यांनी लोखंडी कड्याच्या दोन बाजूंना तारेची दोन वेगवेगळी वेटोळी गुंडाळली. एकातून वीजप्रवाह सोडला, तर दुसऱ्याजवळची चुंबकसुई हलली. पण ती हलली फक्त प्रवाह सुरू करताना आणि बंद करताना. मध्ये स्थिर! सुई सतत हललेली राहील अशी अपेक्षा असणाऱ्याने तो क्षणाचा झटका सोडून दिला असता. फॅरेडेंनी तो टिपला. ऑक्टोबरमध्ये त्यांनी पोकळ वेटोळ्यात नुसता चुंबक आत-बाहेर करून वीज निर्माण केली. आजचे जनित्र याच तत्त्वावर चालते.

त्यांना उच्च गणित येत नव्हते. त्यांचा आधार म्हणजे नोंदवही. तिच्यात क्रमांक घातलेल्या १६ हजारांहून अधिक नोंदी आहेत, आणि फसलेले प्रयोगही त्यांनी तितक्याच नेमाने लिहून ठेवलेत. आपल्या मुलांच्या वहीत फसलेला प्रयोग कधी दिसतो का? विचार करून बघा.

मुलांसाठी एक मेणबत्ती

रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ पासून नाताळच्या सुट्टीत मुलांसाठी व्याख्याने सुरू झाली. १८२७ ते १८६० या काळात फॅरेडेंनी अशा १९ मालिका घेतल्या. कीर्तीच्या शिखरावर असतानाही मुलांसमोर उभे राहणे त्यांनी कमी लेखले नाही. सरदारकी त्यांनी नाकारली, रॉयल सोसायटीचे अध्यक्षपदही दोनदा नाकारले, पण नाताळची व्याख्याने वर्षानुवर्षे चालू ठेवली.

१८६० च्या नाताळात, सत्तरीच्या उंबरठ्यावर असताना, त्यांनी सहा व्याख्याने दिली ती एका मेणबत्तीवर. १८४८ मध्येही त्यांनी हाच विषय घेतला होता. मेणबत्ती प्रत्येकाच्या घरात होती, रोजची होती, म्हणून तिच्याकडे कुणी नीट बघत नव्हते. त्यांनी बघायला लावले. वातीभोवती वितळलेल्या मेणाची वाटी का तयार होते? मेण वातीतून वर कसे चढते? आणि जळते ते नक्की काय? शेवटच्या व्याख्यानात त्यांनी मेणबत्तीच्या जळण्याची सांगड आपल्या श्वासाशी घातली.

त्यांनी दाखवलेल्या गोष्टींपैकी तीन आपल्याला सहज करता येतात. ज्योत आणि काडी मात्र मोठ्यांनीच हाताळावी, केस आणि कपडे सांभाळावेत.

१. मेणबत्ती हळूच फुंकून विझवा. वर जाणाऱ्या पांढऱ्या धुराला लगेच पेटती काडी लावा. ज्योत धुरातून उडी घेऊन वातीवर येते. म्हणजे जळते ती मेणाची वाफ.

२. बर्फाचे पाणी भरलेला स्टीलचा पेला बाहेरून कोरडा पुसून ज्योतीच्या थोडा वर क्षणभर धरा. पेल्यावर दव जमते. आगीतून पाणी! हवेतल्या बाष्पामुळेही दव येते, म्हणून तसाच दुसरा पेला ज्योतीपासून दूर ठेवून दोन्हींची तुलना करायला सांगा.

३. खायचा चुना पाण्यात ढवळून रात्रभर ठेवा आणि वरची निवळी अलगद काढून घ्या. बरणीत मेणबत्ती जळून विझली की ती काढून, निवळी ओतून, झाकण लावून हलवा. निवळी दुधी होते. दुसऱ्या पेल्यातल्या निवळीत नळीने फुंका, तीही दुधी होते. मुलांना फक्त फुंकायला सांगा, ओढायला नाही, आणि फुंकताना डोळे पेल्यापासून लांब ठेवायला सांगा.

फॅरेडेंचे २५ ऑगस्ट १८६७ रोजी निधन झाले. नाताळची व्याख्याने आजही होतात. दुसऱ्या महायुद्धातली काही वर्षे सोडली तर त्यांत खंड पडलेला नाही.

पुढच्या विज्ञानाच्या तासाला पुस्तक बंद ठेवून टेबलावर एक मेणबत्ती लावून बघा. पाच मिनिटे कुणी काही सांगायचे नाही. प्रत्येकाने दिसेल ते, आपल्या शब्दांत, वहीत लिहायचे. चुकीचे लिहिले तरी खोडू नका. ते बरोबर की चूक, हे मेणबत्तीलाच ठरवू द्या.