मेकॅनिक न झालेला मुलगा

गॅदरिंगच्या रात्री कोणीतरी 'अलबेला'मधलं गाणं लावतंच. मग फर्स्ट इयरच्या पोरांपासून मेसच्या काकांपर्यंत सगळे भगवानदादांच्या स्टाइलमध्ये डोलायला लागतात. गाणं कोणाचं असं विचारलं, तर उत्तरं ठरलेली असतात. कोणी भगवानदादा म्हणतो, कोणी गीता बाली, कोणी लताबाई. थोडे जाणकार असतील ते सी. रामचंद्र म्हणतात. सगळी उत्तरं बरोबर आहेत. पण त्या संगीतात मागे ट्रंपेट फुंकणारा माणूस कोण, हे कोणी विचारत नाही. हा लेख त्या माणसाबद्दल आहे.

त्यांचं नाव अंतोनियो शाव्हियर वाझ. मुंबईने त्यांना ओळखलं ते मात्र 'चिक चॉकलेट' या नावाने. जन्म १९१६ चा, गोव्यात बार्देस तालुक्यातल्या हळदोणे गावचा. तेव्हा गोव्यावर पोर्तुगीजांचं राज्य होतं. तिथल्या चर्चच्या शाळांत मुलांना अक्षरओळखीबरोबर सुरांची ओळखही करून देत. पाच रेघांवर लिहिलेलं पाश्चात्त्य संगीत वाचणं, चर्चमध्ये गाणं, व्हायोलिन किंवा एखादं वाद्य हातात धरणं हे सगळं लहानपणीच होऊन जायचं.

आईची इच्छा मात्र वेगळी होती. मुलाने मेकॅनिक व्हावं, चार पैसे इज्जतीने कमवावेत, असं तिला वाटत होतं. आपल्यापैकी कितीजणांना हे ओळखीचं वाटेल! आणि खरं सांगायचं तर त्या माउलीचं काही चुकत नव्हतं. मेकॅनिकला रोज काम मिळतं. वाजवणाऱ्याला आज लग्नात वाजवलं तर उद्याचं काय, हा प्रश्न असतोच. तरीही पोराने ट्रंपेटच धरला.

आज गोव्याच्या गाड्या आपल्या नावडे रोड स्टेशनवरून धडधडत जातात. पण कोकण रेल्वे पूर्ण झाली १९९८ साली. त्या काळी गोव्याहून मुंबईला यायचं म्हणजे बोटीने, नाहीतर घाट चढून लांबच्या रेल्वेने. मुंबईत उतरलेल्या गोवेकरांसाठी धोबी तलाव, माझगाव या भागात 'कूड' असायचे. कूड म्हणजे एकेका गावाच्या लोकांनी चालवलेलं वसतिगृह. खलाशी, आचारी, वादक सगळे तिथे एकत्र राहायचे. थोडक्यात, आपलं हॉस्टेलच!

त्याच सुमारास मुंबईत जॅझ आला होता. १९३५ मध्ये लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकाचा बँड ताजमहाल हॉटेलात वाजू लागला. त्यांच्यामागून क्रिकेट स्मिथ नावाचे ट्रंपेटवादक (हो, नाव खरंच क्रिकेट!) आणि पियानोवादक टेडी वेदरफर्डही आले. नोटेशन वाचता येणाऱ्या गोव्याच्या वादकांना या लोकांकडून जॅझची खरी गंमत कळली. जॅझमध्ये कागदावरचं वाजवायचंच, पण आपली पाळी आली की कागद बाजूला ठेवून मनाचं वाजवायचं.

चिक चॉकलेट यांनी हे पुरेपूर उचललं. त्यांचा आदर्श होता लुई आर्मस्ट्राँग. लोक चिक यांना हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँगच म्हणायचे. 'चिक अँड द म्युझिक मेकर्स' हा त्यांचा बँड ताजमध्ये वाजायचा. उंची कपडे घातलेले साहेब लोक आणि शेटजी त्यांच्या तालावर नाचायचे.

इथे आपण इंजिनिअर लोकांनी जरा थांबून त्या वाद्याकडे बघायला हवं. ट्रंपेटला बटणं फक्त तीन. पहिलं दाबलं की सूर दोन अर्धस्वरांनी उतरतो, दुसऱ्याने एका आणि तिसऱ्याने तीन. कारण प्रत्येक व्हॉल्व्ह हवेच्या वाटेत नळीचा जादा तुकडा जोडतो. तीन बटणांची कॉम्बिनेशन्स होतात आठ, पण पहिलं आणि दुसरं मिळून साधारण तिसऱ्याइतकंच भरतं, म्हणून कामाच्या लांब्या सातच. बाकी सगळे सूर ओठांच्या ताणातून आणि फुंकेतून काढायचे. म्हणजे निम्मं यंत्र पितळेचं आणि निम्मं माणसाचं! मेकॅनिक झाले नाहीत म्हणता, पण आयुष्यभर त्यांनी एक मशीनच चालवलं की!

१९४७ नंतर साहेब लोक निघून गेले. १९४९ मध्ये मुंबईत दारूबंदीचा कायदा झाला. हॉटेलांतल्या रात्री मंदावल्या. पण शहरात दुसरीकडे वादकांची गरज वाढत होती, ती म्हणजे सिनेमाच्या स्टुडिओत. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, तेव्हा हिंदी गाण्यात पाश्चात्त्य ठेके आणत होते. चाल त्यांच्या डोक्यात असायची. पण ती पंचवीस-तीस वादकांपर्यंत पोचवायची कशी? ट्रंपेटने कुठे शिरायचं, सॅक्सोफोनने कुठे थांबायचं, हे प्रत्येकासाठी वेगळ्या कागदावर लिहावं लागतं. इथे गोव्याच्या चर्चमधलं शिक्षण कामाला आलं. चिक हे सी. रामचंद्र यांचे सहायक झाले. 'समाधी' (१९५०) आणि 'अलबेला' (१९५१) या सिनेमांतल्या संगीताला जो लॅटिन आणि जॅझचा झणझणीत तडका आहे, त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. 'अलबेला'त तर झालरीचे शर्ट घातलेला त्यांचा बँड पडद्यावरही दिसतो.

तेव्हाचं रेकॉर्डिंग आजच्यासारखं नव्हतं. आज प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर घेतात, चुकलं तर तेवढंच दुरुस्त करतात. तेव्हा गायिका आणि सगळा वाद्यवृंद एकाच वेळी वाजवायचा. शेवटच्या ओळीत एकाचा सूर घसरला की सगळ्यांनी पहिल्यापासून सुरू करायचं. अनडू बटण नव्हतं. इतकं करून वादकाच्या हातात पडायचे त्या दिवसाचे पैसे. रेकॉर्डवर गायक, संगीतकार आणि सिनेमाचं नाव छापायचे. वादकाचं नाव कुठेच नाही.

चिक यांनी स्वतः संगीतकार म्हणूनही नशीब आजमावलं. देव आनंद आणि मधुबाला यांच्या 'नादान' (१९५१) या सिनेमाला त्यांचं संगीत होतं. 'रंगीली' (१९५२) आणि 'कर भला' (१९५६) याही सिनेमांशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. पण 'अलबेला'सारखं यश एकालाही मिळालं नाही. ते परत दुसऱ्यांच्या गाण्यांसाठी वाजवत राहिले. मदनमोहन यांच्याबरोबरही त्यांनी काम केलं.

१९६६ मध्ये चेतन आनंद यांचा 'आखरी खत' आला. राजेश खन्नाचा तो पहिला सिनेमा, संगीत खय्याम यांचं. त्यात नाइट क्लबमधलं एक गाणं आहे, तरुण भूपिंदर सिंग पडद्यावर येऊन गातो. त्याच गाण्यात ट्रंपेट घेतलेले चिक चॉकलेट दिसतात. पुढच्याच वर्षी, मे १९६७ मध्ये, ते गेले. वय फक्त ५१.

अशा वादकांची नावं राहतात तरी कशी? गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांचं नाव राहिलं ते शिष्यामुळे. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले होते आणि १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मधल्या गाण्यात त्यांनी गुरूचं नाव कायमचं घालून ठेवलं. चिक यांच्या वाट्याला असं गाणं आलं नाही. त्यांच्या वाट्याला फक्त त्यांचा आवाज आला, आणि तो अजून वाजतो आहे.

आपणही उद्या कुठल्या तरी पुलाचं, मशीनचं, सॉफ्टवेअरचं काम करू. त्यावर आपलं नाव बहुतेक नसेलच. पण काम नीट झालं असेल, तर पूल उभा राहील. फक्त एवढं करूया, आपल्याबरोबर ज्यांनी काम केलं त्यांची नावं आपण तरी विसरायची नाहीत. सुरुवात सोपी आहे. 'आखरी खत'मधलं ते गाणं शोधा. भूपिंदरवरून नजर जरा बाजूला न्या. ट्रंपेट ओठाला लावलेला जो माणूस दिसेल, तो हळदोण्याचा अंतोनियो वाझ.