जॉन एंटविसल

जॉन ॲलेक एंटविसल (९ ऑक्टोबर १९४४, लंडन – २७ जून २००२, लास वेगास) हे ‘द हू’ या ब्रिटिश रॉक बँडचे बेस गिटारवादक, गायक व गीतकार होते. बेस गिटार हे सामान्यतः चार तारांचे वाद्य असून ते गिटारपेक्षा एक सप्तक खाली बोलते. मागे उभे राहून गाण्याचा पाया धरावा, एवढीच अपेक्षा या वाद्याकडून केली जात असे. त्यातून प्रमुख वाद्याप्रमाणे सुरावट काढता येते हे ज्यांनी दाखवून दिले, त्यांत एंटविसल यांची गणना होते.

बालपण

एंटविसल यांचे बालपण पश्चिम लंडनमध्ये गेले. वडील ट्रम्पेट वाजवीत, तर आई पियानो. जॉन यांनी आधी पियानो, मग ट्रम्पेट आणि पुढे फ्रेंच हॉर्न शिकून शालेय वाद्यवृंदात वादन केले. रॉक संगीतात असे रीतसर शिक्षण घेतलेले वादक त्या वेळी थोडेच होते. ॲक्टन येथील शाळेत त्यांची पीट टाउनशेंड यांच्याशी मैत्री झाली व दोघे एका जॅझ बँडमध्ये वाजवू लागले. ड्वेन एडी यांच्या गिटारचा खर्जातील नाद आवडल्याने ते बेसकडे वळले आणि पहिली बेस त्यांनी घरीच तयार केली. ती घेऊन रस्त्याने जात असताना रॉजर डॉल्ट्री यांनी त्यांना पाहिले व आपल्या ‘डीटूर्स’ या बँडमध्ये बोलावले. त्या सुमारास एंटविसल ब्रिटिश कर खात्यात कारकुनी करीत होते. या नोकरीचा संदर्भ त्यांच्या मृत्यूनंतर पुन्हा येतो.

द हू

१९६४ मध्ये बँडने ‘द हू’ हे नाव घेतले आणि त्याच वर्षी ड्रमवादक कीथ मून येऊन मिळाले. टाउनशेंड हवेत उड्या मारीत, मून ड्रम उलथून टाकीत. एंटविसल मात्र जागेवरून क्वचितच हलत. त्यांची बोटे तेवढी पळत. उजव्या हाताची बोटे टंकलेखन यंत्रावर पडावीत तशी ती तारांवर आपटण्याची त्यांची पद्धत होती. ‘बोरिस द स्पायडर’ (१९६६) व ‘माय वाइफ’ (१९७१) ही त्यांनी लिहिलेली गाणी. ‘क्वाड्रोफेनिया’ (१९७३) या अल्बममधील हॉर्नसारखी फुंकवाद्येही त्यांनीच वाजविली आहेत. ‘द हू बाय नंबर्स’ (१९७५) या अल्बमचे मुखपृष्ठही त्यांनीच रेखाटले होते.

वाद्ये

‘माय जनरेशन’ (१९६५) या गाण्यातील बेसचे स्वतंत्र वादन रॉक संगीतात गाजले. ते डॅनेलेक्ट्रो बेसवर करण्याचा त्यांचा मानस होता. परंतु तिच्या बारीक तारा तुटत, सुट्या तारा लंडनमध्ये मिळत नसत आणि दर वेळी नवे वाद्यच विकत घ्यावे लागे. अखेर फेंडर जॅझ बेसवर ध्वनिमुद्रण झाले. तारांचा हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. १९६६ मध्ये रोटोसाउंड कंपनीबरोबर काम करून त्यांनी गोल तार गुंडाळलेल्या, पियानोसारख्या खणखणीत नादाच्या तारा विकसित करण्यास हातभार लावला. अशा तारा आज जगभर वापरल्या जातात.

मोडलेल्या पाच फेंडर प्रिसिजन बेसचे शाबूत भाग जोडून त्यांनी १९६७ मध्ये एक वाद्य तयार केले आणि त्याला ‘फ्रँकेन्स्टाइन’ असे नाव दिले. (मेरी शेली यांच्या कादंबरीत हे नाव राक्षसाचे नसून त्याला घडविणाऱ्याचे आहे.) पुढे गिब्सन थंडरबर्डच्या धडाला फेंडरची मान बसवून त्यांनी ‘फेंडरबर्ड’ घडविली. नंतर अलेम्बिक आणि १९८० च्या दशकात वॉरविक कंपनीची ‘बझर्ड’ त्यांच्या हाती आली. जुनी वाद्ये मात्र ते जपून ठेवीत. ग्लॉस्टरशरमधील त्यांचे ‘क्वारवुड’ हे प्रशस्त घर वाद्यांनी भरून गेले.

या नादाची किंमतही त्यांनी मोजली. १९७६ मध्ये लंडनमधील चार्ल्टन येथील मैफलीत ध्वनिक्षेपकांपासून ३२ मीटर अंतरावर १२६ डेसिबल आवाजाची नोंद झाली. असल्या आवाजात अनेक वर्षे उभे राहिल्यामुळे उत्तरायुष्यात त्यांची श्रवणशक्ती फारच क्षीण झाली होती.

मृत्यू आणि लिलाव

‘द हू’चा अमेरिका दौरा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी लास वेगासमधील हॉटेलात हृदयविकाराने त्यांचा मृत्यू झाला. कोकेनचे सेवन हेही त्यास कारणीभूत असल्याचा निष्कर्ष तपासात निघाला. मालमत्तेवरील अपेक्षित कर भरता यावा यासाठी कुटुंबीयांनी मे २००३ मध्ये लंडन येथे सदबीजमार्फत त्यांच्या वाद्यसंग्रहाचा लिलाव केला. पुढे क्वारवुडही विकले गेले. एंटविसल यांनी तरुणपणी ज्या खात्यात फायली लावल्या होत्या, त्याच खात्याचा हा कर होता. त्या लिलावात ‘फ्रँकेन्स्टाइन’ही विकली गेली.