इस्टिमेटरचा कॅमेरा : राजा दीनदयाळ

सिव्हिल शिकून बांधकाम खात्यात इस्टिमेट काढणारा माणूस फोटोग्राफर म्हणून नाव काढेल, असं कुणी म्हटलं तर आपण हसू. पण तसं खरंच घडलंय, आणि तेही आपल्याच निजामाच्या मुलखात. त्या माणसाचं नाव लाला दीनदयाळ. पडके किल्ले, झिजलेली लेणी, भंगलेल्या मूर्ती यांचे त्यांनी काढलेले फोटो मी पहिल्यांदा लायब्ररीतल्या एका पुस्तकात पाहिले. तेव्हापासून हा माणूस माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

दीनदयाळांचा जन्म १८४४ चा, मेरठजवळच्या सरधना गावात. घराणं जैन, धंदा जवाहिऱ्याचा. पण मुलगा गेला रुरकीच्या थॉमसन कॉलेजात, इंजिनिअरिंगला. तेच आजचं आयआयटी रुरकी. १८६६ मध्ये शिक्षण आटोपून ते इंदूरला बांधकाम खात्याच्या कचेरीत लागले, मुख्य इस्टिमेटर आणि ड्राफ्ट्समन म्हणून. म्हणजे दिवसभर काय, तर नकाशे, मापं आणि चुन्या-विटांचे हिशोब.

१८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हातात घेतला. वय तीस. इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर (दुसरे) आणि ब्रिटिश अधिकारी सर हेन्री डॅली या दोघांनी त्यांना प्रोत्साहन दिलं.

त्या काळी फोटो काढणं म्हणजे काय होतं, हे आपल्या मोबाईलवाल्या पिढीला समजायला हवं. काचेवर कोलोडियनचं चिकट द्रावण ओतायचं, ती काच चांदीच्या क्षारात बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची. फोटो घेतला की लगेच काळ्या तंबूत शिरून धुवायची. काच वाळली की मेहनत वाया. छपाई सहसा काचेच्याच मापाची होई, म्हणून मोठा फोटो हवा तर काचही मोठी आणि कॅमेराही मोठा. पुढे कोरड्या काचा आल्या तेव्हा काम जरा सोपं झालं. तरी हे सगळं लटांबर बैलगाडीत घालून डोंगरातल्या पडक्या देवळापर्यंत न्यायचं, हे काही येरागबाळ्याचं काम नव्हे.

१८८२-८३ मध्ये सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर त्यांनी मध्य भारताचा दौरा केला आणि तिथल्या जुन्या वास्तूंचे फोटो काढले. त्यांचं पुस्तक १८८६ मध्ये निघालं. मला त्या फोटोंत सगळ्यात आवडतं ते हे, की जुनेपणाचं उगाच कौतुक नाही आणि रडगाणंही नाही. भिंतीला तडा आहे तर तडा दिसतो. दगड निखळलाय तर त्याची रिकामी जागा दिसते. उभ्या रेषा ओळंब्यात असतात. कित्येक फोटोंत एखादा माणूस शांत उभा असतो, त्यावरून खांबाची उंची कळते. बघा, इस्टिमेटर कुठे गेलेला नाही, फक्त टेपच्या जागी कॅमेरा आलाय!

१८८५ च्या सुमारास सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी त्यांना दरबारी फोटोग्राफर नेमलं. पुढे सिकंदराबादला आणि मुंबईला त्यांचे मोठे स्टुडिओ झाले. हैदराबादच्या स्टुडिओत पडदानशीन बायकांसाठी १८९२ मध्ये वेगळा विभाग निघाला, तिथे फोटोग्राफरही बाईच. निजामाने त्यांना राजा मुसव्विर जंग बहादूर हा किताब दिला. राजे-रजवाडे, शिकारी, मेजवान्या, सगळं त्यांनी टिपलं. पण आपल्या मराठवाड्याच्या दृष्टीने मोलाचे आहेत ते तेव्हाच्या औरंगाबाद परिसराचे, दौलताबादचे आणि वेरूळचे फोटो.

१९०५ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं. त्यांच्या काचेच्या २,८५७ निगेटिव्ह १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या. २००६ मध्ये पोस्टाने त्यांचं तिकीटही काढलं.

आता तुम्ही म्हणाल, याचा आपल्याशी काय संबंध? सांगतो. हिंगोलीही तेव्हा त्याच निजामाच्या राज्यात होती, इथे हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी होती. औंढा नागनाथाचं देऊळ नीट पाहिलंय का कधी? खालचा भाग काळ्या दगडाचा, अंगभर कोरीव, कितीतरी मूर्तींची नाकं-हात तुटलेले. वरचा भाग नंतरचा, चुनेगच्ची. खालचं आणि वरचं बांधकाम एकमेकांशी कुठे जुळतं आणि कुठे नाही, ते जाऊन बघा. एका देवळात दोन काळांची टेक्नॉलॉजी शिकायला मिळते. आपण मात्र देवळाकडे पाठ करून सेल्फी काढतो!

आमच्या गावात एक दगडी बारव होती. आजोबा तिच्यात पोहायला शिकले. मी बारावीत असताना ती मुरूम टाकून बुजवली, वर आता गुरांचा बाजार भरतो. तिला किती पायऱ्या होत्या यावर आजोबांचं आणि चुलत आजोबांचं अजून भांडण होतं. कुणीच फोटो काढलेला नाही, मग निकाल लागणार कसा? वेरूळच्या १३० वर्षांपूर्वीच्या स्थितीचा पुरावा आहे, पण आमच्या बारवेचा पाच वर्षांपूर्वीचासुद्धा नाही.

आपल्या हॉस्टेलात हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा, पाचही तालुक्यांतली पोरं आहेत. दिवाळीत घरी गेलात की गावातली एक जुनी गोष्ट निवडा. वाडा, वेस, बारव, वीरगळ, काहीही. सकाळी लवकर किंवा ऊन उतरताना जा, तिरप्या उन्हात झीज आणि कोरीवकाम उठून दिसतं. एक फोटो समोरून सरळ घ्या, मग चारी बाजूंनी. मित्राला किंवा मोजपट्टीला शेजारी उभं करा. तारीख, गाव, मापं वहीत लिहा. आणि कृपा करून त्यावर पिवळट फिल्टर मारू नका, ती वस्तू मुळातच जुनी आहे!

हे सगळं डिपार्टमेंटच्या एका कॉम्प्युटरवर जमा करायला सरांनी परवानगी दिली आहे. दीनदयाळांकडे बैलगाडीभर सामान होतं, आपल्या खिशात मोबाईल आहे. तेव्हा मंडळी, गावाकडची एखादी भिंत पडायच्या आत तिथे पोहोचा!