वर्कमनबाईंची चढण

आमच्या लष्करातील जुन्या वाड्यात एक लेडीज सायकल ओसरीला टेकून उभी असे. ती आमच्या आत्याची. साठ सालच्या अगोदरची गोष्ट. आत्या त्या सायकलवर बसून बाड्यापर्यंत जाऊन येई आणि ती परतेपर्यंत माजघरात जी बोलणी चालत ती मी लहानपणी कान देऊन ऐकलेली आहेत. मुलीच्या जातीने अशी चाके फिरवीत रस्त्याने जावे काय, एवढाच वाद! पुढे केव्हातरी फॅनी बुलक वर्कमन या बाईंचे चरित्र वाचनात आले. आमच्या घरातील त्या वादाच्या साठ वर्षे अगोदर या अमेरिकन बाई हिंदुस्थानच्या दक्षिण टोकाकडून निघून सायकलने काश्मीरपर्यंत पोहोचल्या होत्या, हे कळले तेव्हा आत्या हयात नव्हती याचे मला फार वाईट वाटले.

फॅनीबाईंचा जन्म १८५९ च्या जानेवारीत अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात वूस्टर येथे झाला. घर श्रीमंत. वडील पुढे त्या राज्याचे गव्हर्नर झाले. पती डॉ. विल्यम हंटर वर्कमन बाईंपेक्षा बारा वर्षांनी मोठे. न्यू हँपशायरमधल्या डोंगरांत पत्नीला चढण्याची गोडी त्यांनीच लावली. १८८९ मध्ये प्रकृतीच्या कारणाने डॉक्टरांनी व्यवसाय सोडला आणि कुटुंब जर्मनीत जाऊन राहिले. तेथे झालेला मुलगा सीगफ्रीड १८९३ मध्ये आजाराने गेला. मुलगी राशेल हिला दाया आणि शाळा यांच्या हवाली करून पतिपत्नी बाहेर पडली ती जवळजवळ कायमचीच. यात दुःख किती आणि मुळातली ओढ किती, हे तिऱ्हाइताने ठरवू नये.

नव्या घडणीची, दोन सारख्या चाकांची सायकल तेव्हा नुकतीच रूढ झाली होती. तीवरून दोघांनी अल्जीरिया पाहिला, स्पेन पाहिला. स्पेनमध्ये दिवसाची मजल सरासरी ४५ मैल पडे. १८९७ मध्ये दोघे आपल्या देशात आली. सिलोन, जावा आदी मुलूख धरून हा प्रवास १४,००० मैलांचा झाला. सामानात चहा, साखर, बिस्किटे, डबाबंद मांस, एकेक कांबळे आणि दुरुस्तीची हत्यारे. काही दिवशी चाळीसपर्यंत पंक्चरे काढावी लागली. राहण्याच्या जागी उंदरांचा सुळसुळाट असे. बाईंच्या अंगावर मात्र लांब झगाच, कारण पुरुषी पोशाख त्यांना मान्य नव्हता.

१८९८ च्या उन्हाळ्यात मैदानातील उकाडा असह्य झाला म्हणून दोघे सायकली मागे ठेवून पायी हिमालयात शिरली. श्रीनगरहून लडाखकडे जाणारी वाट झोजी खिंडीवरून जाते. तिची उंची सुमारे ११,५०० फूट. तिच्यापुढे याहून उंच खिंडी एकामागून एक येतात. लडाख, नुब्रा, सुरू येथील खिंडी हिंडून झाल्यावर बाईंना सायकलचे पूर्वीइतके अप्रूप उरले नाही. पुढील चौदा वर्षांत त्या पुनःपुन्हा काराकोरमकडे वळल्या. १८९९ मध्ये त्यांनी १८,६०० फुटांचे एक शिखर चढून त्याला आपल्या गेलेल्या मुलाचे नाव दिले. १९०६ मध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, नून-कून समूहातील पिनॅकल शिखरावर त्या पोहोचल्या. शिखराची आजची मान्य उंची २२,७३५ फूट. १९३४ पर्यंत दुसरी कोणतीही स्त्री पर्वतावर इतकी उंच गेली नव्हती.

हा मान जपण्याविषयी बाई फार दक्ष होत्या. १९०८ मध्ये ॲनी पेक या दुसऱ्या अमेरिकन बाई पेरू देशातील वास्करान शिखर चढल्या आणि आपण अधिक उंच गेलो असे त्यांना वाटले. फॅनीबाईंनी स्वखर्चाने फ्रेंच मोजणीदार पाठवून ते शिखर मोजवून घेतले. सुमारे १३,००० डॉलर गेले, पण आकडा २१,८१२ फूट निघाला आणि मान बाईंकडेच राहिला. गंमत अशी की बाईंनी स्वतःच्या शिखराची सांगितलेली २३,३०० ही उंचीही पुढे पाचशेहून अधिक फुटांनी खाली आली.

आता जे लिहावयाचे ते लिहिताना हात थोडा अडखळतो. नून-कूनच्या स्वारीत सुमारे दोनशे हमाल होते. तंबू, पीठ, मोजमापाची यंत्रे, सारे त्यांच्या पाठीवर. काश्मीर संस्थानात बेगारीची चाल जुनी. वरून हुकूम आला की गावाने माणसे द्यावयाची, मग शेतात पीक उभे असो की घरात आजारी माणूस असो. जुन्या संस्थानांत वाढलेल्या आपल्या घरांना वेठ म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. वर्कमन दांपत्याच्या पुस्तकांत या माणसांविषयी तक्रारी पुष्कळ आहेत. ते आळशी, ते लबाड, ते ऐन वेळी पळून जाणारे. ते का पळत असतील, हा विचार मात्र तेथे अभावानेच आढळतो.

बाईंना नावे ठेवण्याअगोदर मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९६८ मध्ये कॉलेजातले आम्ही काही मित्र मनालीहून रोहतांग खिंडीवर पायी गेलो. वर पोहोचल्याचा आनंद इतका झाला की घरी पत्र लिहिताना खिंडीची उंची मी दोनदा लिहिली. आमची वळकटी आणि शिधा ज्याने वर नेला तो माणूस माझ्याहून वयाने मोठा होता, पायांत फाटके जोडे होते. त्याचे नाव मी विचारले नाही. पत्रातही त्याचा उल्लेख नव्हता. ते पत्र आईने जपून ठेवले होते, म्हणून हे मला नाकबूल करता येत नाही.

१९१२ मध्ये बिलाफोंड खिंड ओलांडून बाई सियाचीनवर उतरल्या. या मोहिमेच्या प्रमुख त्या स्वतः होत्या. पती त्यांच्या हाताखाली छायाचित्रे आणि शिधासामग्री पाहत. ग्रँट पीटरकिन आणि आपल्याकडील सुर्जनसिंग यांनी त्या प्रचंड हिमनदीची मोजणी केली. याच मोहिमेत चेनोझ नावाचा इटालियन हमाल बाईंच्या डोळ्यांदेखत हिमभेगेत पडला आणि त्याच रात्री वारला. बाई थोडक्यात वाचल्या. पुढे सुमारे २१,००० फुटांवरच्या एका पठारावर स्त्रियांना मताधिकार मागणारे वृत्तपत्र हातात धरून त्यांनी छायाचित्र काढवून घेतले. अमेरिकेत तो अधिकार देशभर मिळाला १९२० मध्ये. १९८४ पासून त्याच सियाचीनवर सैनिकांचे पहारे आहेत.

१९२५ च्या जानेवारीत फ्रान्समध्ये कान येथे बाई निवर्तल्या. मृत्युपत्राने त्यांनी मुलींच्या चार महाविद्यालयांना १,२५,००० डॉलर ठेवले. वाट आपल्यापुरती नव्हती, मागून येणाऱ्या मुलींसाठीही होती, हे यावरून दिसते आणि त्याबद्दल त्यांचे ऋण मोठे आहे. आमची आत्या बाड्यापर्यंत गेली तीही अशाच कोणाकोणाच्या मागून.

परंतु जे दोनशे जण पुढे-मागे चालत होते त्यांच्यापैकी बहुतेकांची नावे कोठेच नाहीत. बाईंच्या पुस्तकात नाहीत, माझ्या पत्रातही नाहीत. अलीकडे नातू मित्रांबरोबर हिमाचलात निघाला तेव्हा मी त्याला एवढेच सांगितले, की बाबा रे, खिंडीची उंची विसरलास तरी चालेल, सामान वाहणाऱ्याचे नाव तेवढे विचारून ये. परत आल्यावर त्याने एका कागदावर तीन नावे लिहून दिली. तो कागद मी माझ्या त्या जुन्या पत्रात घालून ठेवला आहे.